पानावरचं चांदणं

"आधी तो दिवा बंद करा! मी काय भूत आहे का?" आई ओरडली.

खोली निळीशार झाली होती. बाबांनी टेबललॅम्पला जिलेटिन कागद गुंडाळला होता, नाटकात चांदणं पाडायला लावतात तो. डोळ्याला पट्टी बांधून उशीला टेकलेली आई त्या चांदण्यात खरंच भुतासारखी दिसत होती. वर कागद करपल्याचा वास.

माझ्या बाबांनी उभा जन्म नाटकांची प्रकाशयोजना केली. सूर्य उशिरा उगवला तर त्यालाही झापतील असा माणूस. फक्त वाचायचं नाव काढायचं नाही. नवं नाटक आलं की कुणाकडून तरी वाचून घ्यायचे आणि एकदा ऐकलं की पाठ. "मला वाचायचा कंटाळा आहे," हे ते इतक्या तोऱ्यात सांगायचे की आम्हाला तो थोरपणाच वाटायचा. घरात वाचायचं काम आईचं. सकाळच्या चहाबरोबर कादंबरीचं एक प्रकरण, मोठ्यांदा. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच खलनायकाला शिव्या घालायचे.

आईचा एक डोळा आधीच अधू होता. दुसऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "उजेड कळेल, माणसं कळतील. वाचता मात्र येणार नाही."

"म्हणजे आपलं वाचन संपलं," आई एवढंच म्हणाली. तिची कादंबरी ऐन रंगात येऊन अडकली होती.

तिथंच बाबांना कंठ फुटला. "मी वाचून दाखवलं असतं गं. पण पांढऱ्या कागदावर अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. कागदाची चकाकी डोळ्यांत टोचते. लहानपणापासून."

आईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. इतक्या वर्षांच्या संसारात ती हे पहिल्यांदा ऐकत होती. मला तर रडूच आलं.

डॉक्टरीणबाईंनी बाबांचेही डोळे तपासले. म्हणाल्या, "पानावर रंगीत पारदर्शक कागद ठेवून बघा. काहींना बरं वाटतं. सगळे डॉक्टर हे मानत नाहीत, हेही सांगून ठेवते."

बाबांनी त्यातलं 'रंगीत कागद' तेवढं ऐकलं आणि घरी येऊन सवयीनं तो दिव्याला लावला.

"अहो, पानावर ठेवा म्हणाल्या त्या," आई कपाळाला हात लावून म्हणाली. "तुम्ही सगळं घर रंगवलंत."

मी दिवा विझवला, खिडकी उघडली. बाबांनी ट्रंकेतून उरलेसुरले तुकडे काढले आणि आईच्या अडकलेल्या कादंबरीच्या पानावर एकेक ठेवू लागले. लालमध्ये अक्षरं बुडाली. पिवळ्यात मुंग्या जास्तच चेकाळल्या. मग सगळ्यात फिकट निळा. बाबा एकदम गप्प झाले.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"थांबल्या," बाबा म्हणाले. मग घसा खाकरून नेहमीच्या आवाजात, "डॉक्टर मानोत न मानोत, मुंग्यांनी मानलं! आता चष्मासुद्धा याच रंगाचा करतो की नाही बघ."

"बढाया पुरे. वाचा."

बाबांनी खुर्ची ओढली. ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. रंगमंचावर हुकूम सोडणारा तो आवाज एकेका शब्दापाशी दबकत होता. दुसऱ्याच परिच्छेदात एक लांबलचक जोडाक्षरी शब्द आला आणि ते अडकले. एकदा सुरुवात केली, सोडली. पुन्हा केली. कान लाल झाले.

माझ्यानं बघवेना. मी शब्द सांगायला तोंड उघडलं, तोच आईनं माझं मनगट घट्ट धरलं. कुणी बोलताना अडखळलं की त्याचं वाक्य पुरं करून मोकळी होणारी बाई ती. पण ओठ मिटून, मान थोडी पुढे काढून थांबली. तिला कसलीच घाई नव्हती.

बाबांचं बोट त्या शब्दावरून पुन्हा हळूहळू सरकलं. मग त्यांनी तो शब्द उच्चारला, अख्खा आणि बरोबर.

आईनं माझं मनगट सोडलं.

"हं," ती म्हणाली, "पुढे."