धाकटी सुपरवायझर झाली

हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत तिला सगळे धाकटीच म्हणायचे, कारण तिला तिथे चिकटवलं होतं तिच्या थोरल्या जावेनं. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच टेबलाशी समोरासमोर उभ्या राहून चादरींना इस्त्री करायच्या आणि घरचं भांडण कामावर आणायच्या नाहीत.

धाकटीचा डोळा पहिल्यापासून सुपरवायझरच्या खुर्चीवर होता. कोपऱ्यातली काचेची केबिन, आत पंखा, वाफेचा त्रास नाही. त्या खुर्चीसाठी ती सुट्टीच्या दिवशी कामावर आली, नव्या मशीन चालवायला शिकली, मॅनेजरच्या भिकार विनोदांवर खदखदून हसली. "अगं, जबडा निखळेल," असं जाऊबाई म्हणायच्या. पण म्हातारा सुपरवायझर निवृत्त होऊन खुर्ची धाकटीला मिळाली, तेव्हा सगळ्यांना चहा जाऊबाईंनीच पाजला.

पहिल्याच आठवड्यात मॅनेजर केबिनमध्ये येऊन टेकला.

"इस्त्रीवाल्या बायकांची स्टुलं उचला. वरच्या लोकांनी कॅमेऱ्यात बघितलंय, नुसत्या बसून असतात."

"बसून कोण इस्त्री करतंय, साहेब? चादरी येईपर्यंत घटकाभर टेकतात."

"टेकलं की गप्पा सुरू होतात."

"मग वरच्यांनाच खाली येऊन सांगू द्या की."

मॅनेजर हसला. "त्यासाठीच तर तुम्हाला नेमलंय. तुम्ही त्यांच्यातल्याच. तुमचं ऐकतील."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याला कामाची पावती मिळाली, असं ती समजत होती. बायकांना आपलेपणानं गप्प बसवायला एक घरचं माणूस हवं होतं, एवढंच. तरी ती उठली आणि स्टुलं गोळा करायला लागली.

जाऊबाईंचे गुडघे कामातून गेले होते. त्यांनी स्वतःच्या स्टुलाला जुन्या टॉवेलची गादी शिवली होती.

"माझंही?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचीच, ताई. वरून हुकूम आहे."

"वरून म्हणजे त्या केबिनमधूनच ना?"

धाकटीनं खाली मान घालून स्टूल गोदामात नेलं.

घरी जाऊबाईंनी जेवण वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या. नवऱ्यानं धाकटीला विचारलं, "वहिनींशी काय बिनसलं?"

"त्यांनाच विचार."

"तूच मागे लागली होतीस ना त्या खुर्चीच्या? आता मिळाली तर तोंड वाकडं."

धाकटीनं हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं. "लागले होते! म्हणून आता काहीही गिळत बसू?"

पुढचे काही दिवस ती काचेआड बसून होती. पंखा गरगरत होता आणि तिला घाम फुटत होता. तिकडे जाऊबाई एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत, टेबलाला रेलत काम रेटत होत्या. एका दुपारी त्यांचा गुडघा लचकला आणि त्या मळक्या चादरींच्या ढिगावर मटकन बसल्या. केबिनमधला फोन लगेच वाजला.

"ती बाई बसलीय," मॅनेजर म्हणाला. "तिला घरी पाठवा. उद्यापासून येऊ नको म्हणावं."

"तुम्ही खाली या."

"काय?"

"खाली येऊन तुमच्या तोंडानं सांगा. मी सांगणार नाही."

तिनं फोन आपटला. गोदामाचं दार लाथेनं उघडलं, स्टुलं ओढत आणून एकेक टेबलाशी दाणकन ठेवली आणि जाऊबाईंना दंडाला धरून बसवलं. मॅनेजर आला तोवर कुणीतरी मशीन बंद केली होती.

"केबिनमध्ये बोलू," तो हळूच म्हणाला.

"इथेच बोला."

"ही नोकरी तुम्हालाच हवी होती. किती मिनतवाऱ्या केल्यात, विसरलात?"

"विसरले नाही. लाज वाटते त्याची! ठेवा तुमची खुर्ची तुमच्याजवळ. आणि यांना काढायचं असेल तर काढा, सगळ्यांसमोर काढा!"

बायका हाताची घडी घालून उभ्या होत्या. वरच्या मजल्यांवर पाहुण्यांना चादरी हव्या होत्या. मॅनेजरनं सगळ्यांकडे एकदा बघितलं, "मशीन चालू करा," म्हणाला आणि निघून गेला. जाऊबाईंची नोकरी राहिली, स्टुलंही राहिली. धाकटीची केबिन मात्र त्याच संध्याकाळी गेली.

घरी जाताना तिला वाटलं, आता तरी ताई दोन शब्द गोड बोलतील. जाऊबाई लंगडत चालत होत्या.

"खुर्ची सोडायला कुणी सांगितलं होतं?" त्या एकदम भडकल्या. "आता बाहेरचा कुणी आणून बसवतील. त्याच्यापुढे बोलायची कुणाची टाप आहे? आत बसून भांडायचं होतंस!"

"तुमच्यासाठी केलं, ताई!"

"मला विचारलंस? स्टूल नेताना विचारलं नाहीस, आणतानाही नाही. तुझा राग तू काढलास, धाकटे. माझ्या नावावर खपवू नको."

धाकटीला इतका संताप आला की ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालायला लागली. घरापर्यंत दोघी तशाच गेल्या, एक या कडेनं, एक त्या कडेनं. त्यातही जाऊबाई मागे पडल्या की धाकटी चडफडत थांबायची आणि त्या पुढे आल्या की पुन्हा चालायला लागायची.

सकाळी तिनं एप्रन बांधला आणि जुन्या जागेवर उभी राहिली. केबिनमध्ये एक अनोळखी माणूस खुर्चीची उंची जमवत होता. जाऊबाईंनी चादरीचं टोक तिच्याकडे फेकलं.

"ताण नीट. कडेला चुण्या पडतात."

"दिसतंय मला," धाकटी फणकारली आणि तिनं चादर ओढली.