अकरा मिनिटांची नोकरी

मित्रांनो, मी एक तुटलेला प्रकाशतंतू आहे. जुना म्हणावं इतकं माझं वय नाही, मला अजून वर्षही झालेलं नाही. पण तुटलेल्याला लोक जुन्यातच धरतात. ठाण्यात बाळकुमजवळच्या एका विज्ञानसंस्थेत, समीक्षाताईच्या टेबलावरच्या डबीत माझे दोन तुकडे पडून आहेत. नुसतं पडून राहणं मला जमत नाही हो! जे मनात खदखदतंय ते सांगून टाकतो, म्हणजे मला जरा बरं वाटेल.

जन्म माझा साधाच. तुमच्या घरी इंटरनेट आणणारी काचेची तार असते ना, तसल्याच एका भेंडोळ्यातला मी वीतभर तुकडा. तेव्हा मी केसापेक्षा थोडा जाड होतो आणि अगदी मजेत होतो. समीक्षाताई रोज डोंबिवलीहून इथे संशोधनाला येते. एका सकाळी तिने माझं प्लॅस्टिकचं साल सोललं. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मऊ कागदाने मला पुसलं, पुन्हा पुसलं, आणि समाधान होईना म्हणून तिसऱ्यांदा पुसलं. मग दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरून माझ्या पोटाखाली हायड्रोजनची ज्योत आणली. आई गं! मी मेणासारखा मऊ झालो, आणि दोन मोटरी मला दोन दिशांना सावकाश ओढू लागल्या. ओढता ओढता मधोमध मी इतका बारीक झालो, की तुमच्या एका केसाच्या जाडीत माझ्यासारखे दीडशे शेजारी शेजारी मावतील.

माझ्याआधी एकेचाळीस तंतू तुटले होते. मी टिकलो. सोडलेल्या प्रकाशाचे शंभरातले नव्व्याण्णव भाग माझ्यातून सुखरूप पार गेले, तेव्हा ताई खुर्चीवरून उठून नाचलीच. "झाला! अरे यार, झाला!" दोन वर्षं ती या क्षणाची वाट बघत होती.

एवढा खटाटोप कशासाठी, असं तुम्ही विचाराल. सांगतो. मी इतका बारीक झालो की प्रकाश माझ्या आत पुरता मावेना. त्याचा बराच भाग माझ्या अंगाबाहेरून, अंगाला चिकटून धावू लागला. आता माझ्याजवळ एखादा अणू आला आणि चमकला, तर त्याची ती चमक मी पकडून टोकाच्या मोजणीयंत्राकडे पोचवू शकतो. एकटा अणू आणि प्रकाशाचा एकटा कण यांचं आपसात काय चालतं, ते माणसांना माझ्याकडून कळणार होतं. आहे की नाही मानाचं काम?

पण स्वभावाने मी पक्का घाबरट. दार आपटलं की मी थरथरायचो, कुणी शिंकलं की माझा जीव जायचा. धूळ तर माझी वैरीण. म्हणून मला झाकणाच्या पेटीत ठेवलं होतं आणि वर गाळलेल्या हवेचा पंखा अखंड फिरत होता.

आली खंडेनवमी. कारखान्यात, गॅरेजमध्ये, घरी, सगळीकडे त्या दिवशी हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते, हे तुम्हाला माहीतच आहे. ताई दुपारीच घरी गेली. प्रयोगशाळेची साफसफाई आणि किल्ल्या सांभाळणारे देवरामकाका तेवढे उरले. काका बाळकुमचेच. माणूस लाख मोलाचा. चपला बाहेर काढल्या, डोक्याला टोपी, हातात मोजे, सगळं ताईने शिकवलं होतं तसं. लेसरला हळदकुंकू वाहिलं, टेबलाला झेंडूची माळ घातली. मग माझ्यापुढे येऊन हात जोडले आणि म्हणाले, "ताईंचा सगला जीव तुझ्यात हाय. जप बाबा."

आणि त्यांनी अगरबत्त्या पेटवल्या. वारा लागून विझू नयेत म्हणून पंखा बंद केला. मलाही धूप मिळावा म्हणून झाकण चार बोटं वर उचललं. देवापुढचा धूर म्हणजे पवित्र, त्याने कधी काही घाण होते का? काकांच्या मनात तरी तसं आलं नाही. मी मात्र ओरडत होतो, "काका, नको! नको हो काका!" पण माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? काजळीचा एक कण माझ्या सगळ्यात बारीक जागी येऊन बसला.

दसऱ्यानंतर ताईने मला पोलादी पेटीत बसवलं आणि आतली हवा काढून घेतली. मोजलं तर नव्व्याण्णवचे चौऱ्याण्णव झाले होते. बसवताना थोडा वाकला असेल, असं तिला वाटलं. मग रुबिडियम धातूचे थंड केलेले अणू माझ्याभोवती जमले, आणि मोजणीयंत्र बोलू लागलं. टिक. टिक टिक. ताईच्या मार्गदर्शक मंदाकिनी मॅडम धावत आल्या. "सुंदर गं, समीक्षा!" काय सांगू मित्रांनो, त्या वेळी मी धूळबिळ सगळं विसरलो.

अणू अंगाला चिकटून बसू नयेत म्हणून तंतू थोडा गरम ठेवावा लागतो. त्यासाठी ताईने प्रकाश वाढवला. स्वच्छ तंतूने तो सहज सोसला असता. माझ्यावरची काजळी मात्र तो प्रकाश पिऊन तापत गेली, आणि थंड करायला आत हवाच नव्हती. त्या जागी मी लालभडक झालो आणि तुटलो. नोकरी संपली. एकूण अकरा मिनिटं.

तुटण्याचं दुःख आहेच. पण खरी तळमळ पुढची आहे. सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या तुटक्या टोकाशी काळी घाण दिसली, तेव्हा ताई म्हणाली, "मीच नीट पुसलं नसणार." मॅडमनी समजावलं, पण तिला पटेना. नवा तंतू ओढायला गेली की तिची बोटं थरथरायची. ओळीने सहा तुटले. "मॅडम, माझ्या हाताला यशच नाही," असं म्हणून तिने संशोधन सोडायचं ठरवलं. मी डबीतून बघत होतो. तीनदा पुसलं होतंस गं बाई, तीनदा! आणि देवरामकाका रोज त्याच खोलीत फरशी पुसत होते, खाली मान घालून. कारण त्यांना कळलं होतं. मोडक्या तंतूच्या टोकाशी काजळी दिसतेय, असं मॅडम फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, ते त्यांनी ऐकलं होतं. पण नोकरी जाईल म्हणून घाबरले, आणि एक दिवस गप्प राहिल्यावर दुसऱ्या दिवशी बोलणं आणखीच जड झालं.

मी तुटल्यापासून तेविसाव्या दिवशी ताईने टेबल आवरलं. डबी काकांच्या हातात दिली. "काका, हे टाकून द्या."

काकांनी डबी मुठीत घट्ट धरली.

"ताई, मना बोलाचं हाय. खंडेनवमीला मी हितं अगरबत्ती लावलेली."

"इथे? आत?"

"आत. पंखा बंद केलेला. ह्याचं झाकन पन उचललेलं."

ताईचा चेहरा लाल झाला. "तेवीस दिवस, काका! मी रोज रडत घरी जातेय आणि तुम्ही एकदा बोलला नाहीत?" काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ताई मटकन खुर्चीत बसली. आपल्या हातांकडे बघत राहिली. मग अगदी लहान आवाजात तिने विचारलं, "म्हणजे मी नीट पुसलेलं?"

"मी बगलंय ना, ताई. तीन येला पुसलेलं तुमी."

तिने डबी परत घेतली. दुसऱ्या दिवशी नवा तंतू ओढला. बोटं थरथरली नाहीत. तो आज त्या पोलादी पेटीत आहे आणि मोजणीयंत्र दिवसभर टिकटिकतं. काकांवरचा तिचा राग काही आठवडे गेला नाही, आणि काकांनीही तो मुकाट सोसला.

मित्रांनो, नाजूक वस्तू जपा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या हातून काही बिघडलं, तर त्याच दिवशी सांगा. तुम्ही गप्प राहता तेव्हा दुसरं कुणीतरी स्वतःच्या हातांना दोष देत बसलेलं असतं. मी सगळं पाहिलं होतं आणि मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे ना?