गोजरबाईच्या चुलीवरचे डोनट

केडगावात गोजरबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. दूधवाला मापात मारायला जायचा नाही, आणि देवळातला पुजारी तिच्या वाटणीचा प्रसाद चिमूटभर जास्तच द्यायचा. अशा बाईला गेले दहा महिने एका माणसानं पार हैराण करून सोडलं होतं. ते माणूस म्हणजे तिची सून.

सून वाईट असती तर प्रश्नच नव्हता. वाईट सुनेला कसं सरळ करायचं ते गोजरबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. पंचाईत अशी, की सून चांगली होती.

पुष्पावती तिचं नाव. नगर शहरातली पोर, मॅट्रिक झालेली. लग्नाआधी दोन वर्षं मिशनच्या दवाखान्यात कामाला होती. पहाटे उठायची, सांगितलं ते करायची, पुढ्यात येईल ते खायची आणि म्हणायची, "छान झालंय." एकदा गोजरबाईनं मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. तिच्या लेकानं, कानिफनाथनं, पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. पुष्पावती शांतपणे भुरके मारत म्हणाली, "छान झालीय, आत्याबाई."

गोजरबाईनं कपाळावर हात मारून घेतला. घरातलं माणूस असं असतं होय? घरातलं माणूस कुरकुरतं, रुसतं, मला हे पाहिजे नि ते नको म्हणतं. ही पोर आपली पाहुणी आल्यासारखी वागते. आज आलीय, उद्या जाईल, कशाला कुणाला दुखवा.

त्यात पोरीला सातवा महिना लागला. डोहाळे विचारून विचारून गोजरबाईची जीभ झिजली, पण उत्तर एकच. काही नको. आता डोहाळे पुरवले नाहीत की पोराची लाळ गळते, हे सगळ्या दुनियेला ठाऊक आहे. गोजरबाईला तर घरचा अनुभव होता. कानिफनाथच्या वेळी तिला भर आषाढात हुरडा खावासा वाटला होता. आषाढात हुरडा कुठून आणायचा? सासूनं उडवून लावलं. पुढं कानिफनाथ शाळेत जायला लागला तरी त्याच्या गळ्यातलं लाळेरं सुटलं नव्हतं, आणि मास्तर त्याची पाटी चिमटीत धरून तपासायचे.

आणि हे सगळं एकीकडे, विहीणबाईचं बोलणं दुसरीकडे. दिवाळीला रतनबाई, म्हणजे पुष्पावतीची आई, भेटायला आली तेव्हा चार बायकांत म्हणाली, "आमच्या पुष्पाला मागायची सवयच न्हाई हो. तिला आमी न मागताच सगळं दिलं." वरून हसली. गोजरबाईच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तिनं त्या दिवशी करंज्यांचं ताट आपटलंच. आता तीच रतनबाई येत्या रविवारी पोरीला पहिल्या बाळंतपणाला न्यायला येणार होती. पोर माहेरी जाणार आणि आईनं विचारलं की सांगणार, सासरी छान होतं. पाहुणा सांगतो तसं. गोजरबाईला ते विचारानंच सोसेना. रविवारच्या आत ह्या पोरीनं ह्या घरात तोंड उघडून काहीतरी मागितलं पाहिजे आणि ते तिला मिळालं पाहिजे, एवढंच तिनं धरून ठेवलं.

बुधवारी दोघी मेथी निवडायला बसल्या तेव्हा गोजरबाईनं जुडी खाली ठेवली. "पुष्पे, आता काय खावंसं वाटतंय ते सांगितल्याबगर मी ही भाजी निवडायची न्हाई. आज कुनालाच जेवन न्हाई. कानिफ उपाशी निजंल, पाप तुला लागंल."

पुष्पावतीनं दोनदा काही नको म्हणून बघितलं. मग खाली मान घालून हळूच म्हणाली, "डोनट."

"ते काय असतंय?"

दवाखान्यात अमेरिकेच्या एक नर्स मॅडम होत्या. नाताळात त्या सगळ्यांसाठी सफरचंद घातलेले डोनट करायच्या, आणि पुष्पावती एखादा आईसाठी घरी न्यायची. कडबोळ्याएवढे, गोल, मधे भोक. तळायचे नाहीत, भट्टीत भाजायचे, आणि वरून दालचिनीची साखर भुरभुरायची. सांगताना पोरीच्या डोळ्यांत अशी काही चमक आली की गोजरबाई बघतच राहिली. दहा महिन्यांत ही चमक तिनं पाहिली नव्हती. लगेच पुष्पावती भानावर आली. "पण राहू द्या. इथं कुठं होतात ते."

न व्हायला काय झालं, गोजरबाई मनाशी म्हणाली, मी मेले का?

ती तडक शेजारच्या हाजराबीकडे गेली. हाजराबीच्या नवऱ्याची, बाबाजानची, गावात बेकरी होती. पाव, खारी, दिवाळीच्या आधी लोकांनी डब्यातून आणून दिलेल्या पीठसाखरेची नानखटाई, सगळं तिथंच भाजलं जायचं. हाजराबीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यात काय अक्का, भट्टीत घालून देते. पाच मिनिटांचं काम."

"न्हाई. डोहाळ्याचं खानं घरच्याच चुलीवर झालं पाहिजे."

"तुझी चूल खालून तापते. ह्याला वरूनपन आच लागते."

"मग वरून निखारे ठेवू. वरनभात करायचाय का मला?"

हाजराबीला माहीत होतं, हिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला डोकं आपटणं. तिनं कृती सांगितली. पातेल्यात बोटभर वाळू, त्यावर उपडी वाटी, वाटीवर डोनटाची ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. अंडं घालायचं नव्हतं, कारण गोजरबाईच्या गळ्यात माळ होती. त्याच्या जागी दही आणि सोडा. दिवाळीचा मैदा डब्यात होताच. राहिलं सफरचंद.

सफरचंदं आणायचं काम कानिफनाथवर पडलं आणि तिथंच घोटाळा झाला. तो नगरला सायकलच्या दुकानात कामाला होता. गुरुवारी संध्याकाळी त्यानं मार्केटातून चार लालबुंद सफरचंदं घेतली, आणि कापडी पिशवी न्यायला विसरल्यामुळं जाळीच्या पिशवीत घालून सायकलच्या हँडलला अडकवली. त्या काळी केडगावात सफरचंद कोण खात होतं? ज्याची धडगत नाही तो. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय ते फळ कुणाच्या घरात यायचं नाही. एक आलं तर ताप, दोन आली तर टायफॉइड. कानिफनाथ तर चार घेऊन, भर बाजारपेठेतून, घंटी वाजवत आला.

तो हातपाय धुतो न धुतो तोच आळीतली साळूबाई पेजेचा तांब्या घेऊन दारात हजर. "कोन हाय आजारी?"

"कुनी न्हाई," गोजरबाई म्हणाली.

"असं परक्यासारखं का करतीस? सून हाय व्हय?"

"अगं, कुनीच न्हाई. सगळी ठणठणीत हायेत."

साळूबाईनं सुस्कारा सोडला आणि पेज ठेवून गेली. वाटेत तिनं दोघींना सांगितलं की गोजरबाई काही बोलत नाही, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं दिसतंय. मग रीघ लागली. कुणी लिंबं आणली, कुणी अंगारा आणला. बन्सी गवळी दूध घालायला आला तो आवाज खाली करून म्हणाला, "मावशी, काय लागलंसवरलं तर सांगा." गोजरबाईनं त्याला हाकललं. पुष्पावती आतून सगळं ऐकत होती आणि तिला कशाचाच पत्ता लागत नव्हता, कारण डोनटाचं तिच्यापासून चोरूनच चाललं होतं.

शुक्रवारी सकाळी गोजरबाईनं सुनेला बाहेरच्या खोलीत दुपटं शिवायला बसवलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. हाजराबी मागच्या दारानं आली. दोघींनी दोन सफरचंदं किसली. किसातून पाणी सुटलं, पीठ चिकट व्हायला लागलं, म्हणून गोजरबाईनं कीस फडक्यात घालून चांगला पिळून काढला. मग पिठाला बसली. पुरणपोळीच्या कणकेला तिची अख्ख्या आळीत ख्याती होती, आणि ती ख्याती तिनं पुरेपूर वापरली. तिंबून तिंबून मैदा असा मऊ केला की ओढला तर दारापर्यंत यावा. हाजराबी एकदा म्हणाली, "अक्का, इतकं लागत नसंल." पण बेकरीत पीठ पुरुषमाणसं मळायची, म्हणून तिनं ताणून धरलं नाही.

वाटीनं गोल पाडले, तेलाच्या बाटलीच्या बुचानं भोकं पाडली. पहिली ताटली आत गेली. बाहेर आली तेव्हा तळाला डांबर आणि वर कच्चं पीठ. वाळू जास्त तापली होती. गोजरबाईनं ते सहा डोनट मुकाट्यानं परसातल्या भाकड म्हशीपुढं ठेवले. म्हशीनं हुंगले आणि तोंड फिरवलं.

"न्हाई खाल्लं तर न्हाई," गोजरबाई म्हशीला म्हणाली, "तुला काय डोहाळे न्हाईत."

पण आतून ती घाबरली होती. शुक्रवार अर्धा सरला होता. तिनं चुलीतलं जळण मागं ओढलं, वाळू निवू दिली आणि दुसरी ताटली लावली. ह्या खेपेला वास मात्र सुटला. दालचिनीचा, भाजल्या पिठाचा, सफरचंदाचा. हाजराबी म्हणाली, "आता जमलं बघ." आणि नेमका तेव्हाच दारात टांगा थांबला.

रतनबाई पदर डोळ्यांना लावूनच आत शिरली. "पुष्पा! काय झालं गं माझ्या पोरीला?"

बन्सी गवळ्याचं दूध नगरला रतनबाईच्या गल्लीत पण जायचं. त्यानं सकाळी तिथं सांगितलं होतं, की तुमच्या लेकीच्या घरी चार सफरचंदं गेलीत.

पुष्पावती दुपटं हातात घेऊन उभी. "मला? मला काय झालंय?"

गोजरबाई स्वयंपाकघरातून आली. कपाळाला काजळी, कोपरापर्यंत मैदा. "काय झालं न्हाई, ईनबाई. बसा. पानी घ्या."

"लेकीला मूल हुईस्तवर मी तिच्या घरचं पानी पीत न्हाई, तुमाला ठाऊक हाय. आदी सांगा, आजारी न्हाई तर सफरचंदं कशाला आली? आमाला कळवायचं न्हाई, पोरीला लपवून ठेवायचं. पुष्पा, आवर. टांगा थांबवलाय. रविवार नको न् काय नको, आत्ता निघायचं."

पुष्पावती सवयीप्रमाणे आवरायला वळली. गोजरबाईनं ते बघितलं. ही आत्ता गेली तर झालं, कायमची पाहुणीच राहिली. ती तडक आत गेली, चिमट्यानं झाकण उचललं, निखारे चुलीत ढकलले, आणि त्यातल्या त्यात बरा दिसणारा डोनट बशीत घालून त्यावर साखर भुरभुरून घेऊन आली. भोक बुजून नुसती बेंबी राहिली होती.

"सफरचंदं ह्याच्यासाठी आली हुती," ती म्हणाली. "खा. मग जा."

पुष्पावतीनं बशीकडं पाहिलं. ओळखायला तिला क्षणभर वेळ लागला. मग ती मटकन खाली बसली, आणि तिनं घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. हाजराबी दाराच्या फटीतून बघत होती.

"मॅडमच्यासारखा झालाय का गं?" रतनबाईनं विचारलं.

गोजरबाईला उत्तर पाठ होतं. तिनं मनाची तयारी केली. आता तोच शब्द आला तर आपणच पोरीची ट्रंक टांग्यात ठेवायची, रडायचं नाही.

"नाही," पुष्पावती म्हणाली. "बिघडलाय."

तिनं दुसरा घास घेतला. "आत्याबाई, तुम्ही पीठ मळलंत?"

"मळलं की. चांगलं अर्धा तास."

"मळायचं नसतं त्याला. नुसतं कालवायचं. म्हणून चामड्यासारखा झालाय. आणि कीस पिळलात का?"

"मग? चिकटत हुतं."

"सगळी चव त्या पाण्यात गेली की. आणि दालचिनी किती घातलीत? ही काय मटकीची उसळ आहे?"

"पुष्पा," रतनबाई ओरडली, "सासूला असं बोलत्यात का?"

"बोलू द्या," गोजरबाई म्हणाली. रतनबाईला वाटलं की ही आता भडकणार. "ईनबाई, पाव्हणं माणूस वाढलेलं गोड मानून घेतंय. नावं ठिवतंय ते घरचं. बोल गं पोरी. आजून काय काय चुकलं?"

"भोक लहान पाडलंत," पुष्पावती म्हणाली. "सफरचंदं उरलीत ना? उद्या पुन्हा करायचे. मी पाटावर बसून सांगीन तसे. मला मॅडमच्यासारखेच पाहिजेत."

"उद्या?" रतनबाई म्हणाली. "अगं, टांगा उभा हाय दारात."

"तू रविवारी ये, आई," पुष्पावती म्हणाली, आणि उरलेला डोनट संपवून तिनं रिकामी बशी सासूपुढं धरली. "तोवर असलाच आणखी एक द्या. भूक लागलीय."

गोजरबाईनं तिला दोन आणून दिले. मग पदरानं डोळे पुसत दारात गेली आणि टांगेवाल्याला म्हणाली, "बाबा, ईनबाईंना एकट्यांनाच न्यायचं हाय. आमच्या पोरीची तक्रार आजून सरली न्हाई."