पंचवीस पावलांचा फटका

मनमोहनरावांना गोल्फ कुठे येत होता! क्लबात मिरवता येत होतं, तेवढं त्यांना पुरत होतं. पण एकदा हिरवळीवर चहा घेताना त्यांच्या कंपनीचा गोरा साहेब त्यांच्या बायकोच्या, यशोदेच्या देखत म्हणाला, "जवळच्या फटक्याला काळीज लागतं. ते तुम्हा लोकांत नाही." आणि हे गृहस्थ चक्क हसले! यशोदेच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ह्यांनी एकदा तरी साहेबाला हरवावं, एवढंच तिच्या डोक्यात बसलं.

तिनं ह्यांना ठाकुरद्वारच्या घराच्या गच्चीवर उभं केलं. वेज, म्हणजे ती तिरप्या तोंडाची काठी, हातात घेऊन मनमोहनराव काथ्याच्या पायपुसण्यावरून पंचवीस पावलांवरच्या घंगाळात चेंडू टाकू लागले. टाकतायत कसले! चेंडू वर उचलायला म्हणून हात ओढायचे, आणि ऐन वेळी शेजाऱ्यांच्या काचेच्या धास्तीनं आखडायचे. खाली रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं लाठ्या खात होती, आणि हा गडी काचेला भीत होता!

"अहो, उचलताय कशाला? खाली मारा, तो आपला वर जाईल," यशोदा म्हणाली. "काठी मागे थोडीच न्या, पण पुढे जाताना थांबू नका."

"तुला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणत त्यांनी तसंच केलं. तीन आठवड्यांत दहातले सात चेंडू घंगाळात पडू लागले.

रविवारी साहेबाशी सामना होता. यशोदा मुद्दाम गेली. शेवटच्या भोकाच्या झेंड्यापाशी दोघं बरोबरीत आले. साहेबाचा चेंडू भलतीकडे गेला होता, ह्यांचा झेंड्यापासून पंचवीस पावलांवर. हा एक फटका जवळ पडला की काम फत्ते.

मनमोहनरावांनी काठी मागे नेली. हात आखडला नाही. चेंडू सुरेख उठला आणि अलगद उतरला, झेंड्याच्या डावीकडे, वाळूच्या खड्ड्यात, अगदी मधोमध.

"हार्ड लक!" साहेबानं त्यांची पाठ थोपटली. हे लाजून हसले.

ह्यांच्या सगळ्या चुका यशोदेला पाठ होत्या. ही त्यातली नव्हती. शी! तिला त्यांची किळस आली. ती सरळ इंग्रजीत म्हणाली, "चुकला नाही, साहेब. ह्यांनी नेमच तिकडे धरला होता."

मनमोहनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, बढतीचं चाललंय..." ते पुटपुटले.

साहेबाचं हसू मावळलं. त्यानं खिशातून दुसरा चेंडू काढून ह्यांच्या पायाशी टाकला. "पुन्हा मारा."

मनमोहनराव चेंडूपाशी उभे राहिले. मग मान वळवून त्यांनी अदबीनं विचारलं, "सर, कुठे मारू?"