डावीकडचा गारवा

शिंप्याचा उजवा हात कात्री चालवतो म्हणून त्याचं कौतुक होतं. खरा कमावता असतो तो डावा. सुईखालून कापड सरळ नेतो तो. आणि शिवणकाम करणाऱ्या मास्तरांचा डावा हात, त्यांच्या मते, निकामी होत चालला होता.

सुरुवात गाडीत झाली. उन्हाचा कडाका आणि एसी पूर्ण सोडलेला. उजव्या हाताशी असलेल्या जाळीतून येणाऱ्या हवेने बोटं गारठत होती. डावा हात मधल्या जाळीपुढे, बायकोच्या बाजूला धरला, तर हवा कोमट. त्यांनी सहज विचारलं, "तुझ्याकडे गार येतंय ना?"

"येतंय की. छान गार आहे," बायको म्हणाली.

झालं, मनात पाल चुकचुकली. हवा गार असेल तर बिघडलाय तो हातच. थोरल्या भावाचं असंच झालं होतं. आधी डाव्या हाताला गार-गरम कळेना, मग हात उचलेना. आता दादाला स्वतःची बटणंही लावता येत नाहीत. त्याच्या शर्टांना मास्तरांनीच बटणांच्या जागी वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या शिवून दिल्या होत्या.

दुकानात कुणी नसताना मास्तरांनी डाव्या हाताच्या बोटाला सुई टोचून पाहिली. टोचली. पण नेहमीइतकी टोचली का? नळाखाली हात धरला. पाणी गार लागलं, पण उजव्या हाताला लागलं तेवढं? उजवा हात त्या मधल्या जाळीपुढे नेला असता तर क्षणात निकाल लागला असता. पण निकालाचीच तर धास्ती होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मास्तर गप्प राहिले आणि आतल्या आत झुरत राहिले.

शेवटी डॉक्टरकडे जायच्या आधी त्यांनी गाडी एसीवाल्याकडे न्यायचं ठरवलं. बायकोला बाजारात जायचं होतं, म्हणून तीही निघाली.

"एसीला काय धाड भरलीय? चांगला चालतोय की," ती वाटभर कुरकुरत होती. मास्तर मनात म्हणत होते, देवा, बिघाड निघू दे. मोठा निघाला तरी चालेल.

एसीवाल्याने उजव्या जाळीत थर्मामीटर खुपसला आणि मान डोलावली. मग डावीकडे खुपसला, थोडा थांबला, आणि त्याचा चेहरा पडला. गिऱ्हाइकांचा आरडाओरडा ऐकून तो पोळलेला होता.

"मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. डावीकडे गार येतच नाहीये. गॅस कमी झालाय. त्यामुळे आतली कॉइल अर्धीच गार होतेय. कुठे गळतोय ते शोधावं लागेल."

"म्हणजे डावीकडची हवा खरंच कोमट आहे?"

"हो."

"माझ्या हाताला लागते तशी?"

"तुमच्याच का, कुणाच्याही हाताला तशीच लागेल."

मास्तरांनी त्याला कडकडून मिठी मारली. पांढऱ्या शर्टाला ग्रीस लागलं, पण एरवी कपडे डागांपासून जिवापलीकडे जपणाऱ्या मास्तरांना त्याचं भान नव्हतं. छातीवरचा धोंडा उतरला होता. मग ते गर्रकन बायकोकडे वळले.

"आणि तू काय म्हणत होतीस? छान गार?"

"मग काय म्हणू? त्या गार हवेने माझे गुडघे आखडतात. माझी बाजू आपोआप कोमट झाली, मला बरंच झालं. बोलले असते तर तुम्ही लगेच गाडी दुरुस्त करून आणली असती."

"अगं, मला वाटलं माझा हात गेला. दादासारखा."

बायको पुढे आली, त्यांचा डावा हात ओढून घेतला आणि कचकन चिमटा काढला.

"आई गं!"

"लागलं?"

"लागलं ना!"

"लागायलाच हवं! एवढं मनात ठेवून एकटेच कुढत बसलात? घरात मी काय शोभेला आहे?" डोळे भरून आले तरी तिच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. "आणि मीही मेली, गुडघ्यांसाठी खोटं बोलत राहिले."

गळकी नळी बदलली, गॅस भरला. परतताना दोन्हीकडून सारखाच गारवा येत होता. मास्तरांनी आधी बायकोच्या बाजूच्या जाळ्यांचं तोंड वर फिरवलं. हवा तिच्या गुडघ्यांवरची हटली.

मास्तरांचा डावा हात तिच्या हातात होता. वळणावर गिअर बदलायला लागला, तेव्हा तिने तो सोडला आणि वळण संपल्यावर परत घेतला.