पाकिटावरचं सौ.

माई मुलाकडे राहतात, याचा पुरावा हवा होता.

परदेशातल्या त्या पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांना येऊन दोन महिने झाले होते. नातीला न्हाऊमाखू घालायचं, सुनेच्या हातात गरम ताट द्यायचं, मुलाचा डबा भरायचा, हे सगळं त्या करत होत्या. पण सरकारदरबारी मात्र त्या कुठेच राहत नव्हत्या. घराचा करार मुलाच्या नावावर, विजेचं बिल मुलाच्या नावावर, आणि घरमालक एवढा तिरसट की करारात आणखी एक नाव घाला म्हटलं तर अंगावर यायचा. तीन महिन्यांच्या वर राहायचं तर नोंदणी करून कार्ड घ्यावं लागतं. कचेरीने अर्जाबरोबर माईंचा पासपोर्ट ठेवून घेतला आणि मग सहा नंबरच्या खिडकीवर घोडं अडलं.

त्या खिडकीतल्या बाईचा चष्मा गळ्यात दोरीला लोंबायचा. तो नाकावर चढवून ती म्हणाली, "आई तुमच्याकडे राहते हे तुम्ही म्हणता. कागद काय म्हणतो?"

मुलाने ते मराठीत सांगितलं तेव्हा माई उसळल्याच. "मग रोज त्या घरात चूल कोण सांभाळतं, म्हणावं! येऊन बघ म्हणावं एकदा!"

मुलाने अर्थातच यातलं काही सांगितलं नाही. बाईने एक वाट दाखवली ती अशी: पोस्टाचा शिक्का असलेलं, त्या पत्त्यावर, आईच्या नावाने आलेलं पत्र आणा.

आता माईंना पत्र कोण लिहिणार? पण माईंच्या यजमानांची उभी हयात पोस्टात गेलेली. पस्तीस वर्षं पोस्टमन. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना पोस्टमनकाकाच म्हणत. नातीच्या वेळी ते आले नाहीत. "तू जा, मी घर राखतो," म्हणाले. घर काय पळून जाणार होतं? पण हट्टी माणूस. माईंनी फोनवर अडचण सांगितली तर ते हसत सुटले.

"पत्रच हवंय ना? एवढं सरकार हललं आणि मागितलं काय, तर पत्र!"

"हसताय काय? इथे माझा जीव टांगणीला लागलाय."

"बरं, ऐक. खाली पत्रपेटीवर तुझं नाव चिकटवलंयस का?"

"मुलाचं आहे की."

"मुलाचं असून काय उपयोग? पोस्टमन माणूस बघत नाही, पेटी बघतो. आजच्या आज नाव लाव. पुसट नको, ठसठशीत."

माईंनी नातीच्या औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, मुलाकडून आपलं नाव तिथल्या लिपीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आणि जिने उतरून पेटीवर चिकटवलं. तिकडे ह्यांनी पत्र टाकलं, आणि इकडे माईंची रोज दुपारी खाली खेप. पेटीत यायच्या त्या जाहिराती.

"रजिस्टर करून का नाही पाठवलंत?" त्यांनी फोनवर विचारलं.

"सही घ्यायला तो पाच मजले चढणार आणि तू पोरीला तेल लावत बसलेली. साधंच बरं. पोचेल. माझ्या हातून गेलेलं पत्र हरवलेलं नाही आजवर."

पत्र टाकल्याच्या सातव्या दिवशी, सकाळी अंघोळीला पाणी काढताना, पोस्टमनकाका गेले. बादली भरून वाहत राहिली म्हणून शेजारीण बघायला आली.

फोन दिराचा होता. मुलगा कामाचे कपडे घालून निघालेला, तो तसाच जमिनीवर बसला. मग उठून कचेरीत धावला. तिथे कळलं, अर्ज मागे घेतला तर पासपोर्ट हातात यायला पंधरा दिवस, आणि मग वर्षभर परत येता येणार नाही. नाहीतर पुरावा आणा, कार्ड घ्या, त्याच दिवशी पासपोर्ट मिळेल. संध्याकाळपर्यंत तिकडे सगळं उरकलं. दीर म्हणाला, "वहिनी, अस्थी मी ठेवल्यात. तुम्ही आल्याशिवाय हात लावणार नाही. पण लवकर या."

माई रडल्या नाहीत. सुनेला त्याचीच भीती वाटत होती. त्या नातीला अंघोळ घालत, स्वयंपाक करत आणि दुपारी खाली जाऊन पेटी उघडत. बोलताना "ह्यांना फार तिखट चालत नाही" असंच म्हणत, चालत नव्हतं असं नाही. जे डोळ्यांनी बघितलं नाही ते मनाला कोण पटवणार? तिकडे चार बायका जवळ बसल्या असत्या, गळ्यात पडल्या असत्या. इथे जिना होता आणि पेटी होती.

ते गेल्याच्या अकराव्या दिवशी पेटीत जाहिरातींच्या खाली पाकीट होतं. वळणदार अक्षर, एकही ओळ वाकडी नाही. माईंनी जिन्यातच बसून ते उघडलं.

"लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, जन्मभर गावाची पत्रं वाटली, पण तुला लिहायची वेळच आली नाही. तू माहेरीसुद्धा आठ दिवसांवर कधी राहिली नाहीस. तुझ्या चपला दारातच ठेवल्यात, घरात कोणी आहेसं वाटतं. दूधवाल्याला अर्धा लिटर सांगितलंय, तो विसरून एक घालतो. मीही काही बोलत नाही. तुझा पत्ता लिहिताना हात जरा अडला. हा काही तुझा पत्ता नव्हे. कचेरीला हवा म्हणून लिहिला. तुझा पत्ता इथला, तो मला पाठ आहे. काम झालं की ये."

पत्र त्यांनी ब्लाऊजमध्ये ठेवलं. पाकीट मुलाला दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मायलेक सहा नंबरसमोर उभे राहिले. बाईने चष्मा चढवला, शिक्का पाहिला, तारीख पाहिली, पत्ता पाहिला. मान डोलावली. माईंचा पासपोर्ट फायलीतून निघाला, तेव्हा मुलाने आईचा हात दाबला. मग बाईचं बोट पाकिटावर, नावाच्या सुरुवातीला थांबलं.

"हे काय? पासपोर्टमध्ये हे नाही."

मुलाने वाकून बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. पोस्टमनकाकांनी पत्ता चोख इंग्रजीत लिहिला होता. पण बायकोच्या नावाआधी सवयीने 'सौ.' घातलं होतं. पस्तीस वर्षं ज्याने पाकिटांवरची नावं मानाने वाचली, तो घरच्या माणसाचं नाव उघडं कसं लिहील?

"मान म्हणून लिहितात," मुलगा म्हणाला. "नावाचा भाग नाही."

"मग अर्थ काय त्याचा?"

माईंनी विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"काही नाही, आई. सौ.चा अर्थ विचारतेय."

"मग सांग ना." मुलगा हलेना, तेव्हा माईच म्हणाल्या, "सांग तिला. नवरा आहे, असा अर्थ."

मुलाने कसंबसं सांगितलं. आणि नवरा आता नाही, हेही सांगितलं. बाईने चष्मा काढला. वाईट नव्हती ती. मग हळू आवाजात तिने नियम सांगितला, आणि काचेखालून दोरीला बांधलेलं पेन पुढे सरकवलं.

"आई," मुलगा म्हणाला, "नाव जुळायला हवं म्हणतेय. तेवढं खोडायचं आणि बाजूला पूर्ण नावाची सही. मी खोडलेलं चालत नाही. तुलाच..."

"मीच खोडू?"

मुलाने पाकीट आईपुढे सरकवलं.

माईंनी पेन धरलं. ह्यांची अक्षरं अजून ताजी होती, जणू सकाळीच लिहिलेली. माईंना वाटलं, नको ते कार्ड. मग दारातल्या चपला आठवल्या, आणि दिराकडे थांबलेले ते. त्यांनी रेघ मारली. ती इतकी फिकी आली की बाई म्हणाली, नीट दिसत नाही, पुन्हा. माईंनी दुसऱ्यांदा मारली, ठसठशीत. आणि तिथे, मागे रांग उभी असताना, त्यांना बारा दिवसांचं रडू फुटलं. खिडकीच्या फळीवर डोकं ठेवून त्या रडल्या.

"सही, आई," मुलगा पुटपुटला.

माईंनी डोळे पुसले आणि सही केली. आधी आपलं नाव. मग मधे ह्यांचं. मग आडनाव. बाईने एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहिलं. मधल्या नावावर तिचं बोट अजिबात थांबलं नाही.

"हो," ती म्हणाली, "आता जुळतंय." आणि शिक्का मारला.