दगड हलवायचे असतात

हौसेला मोल नसतं म्हणतात. खरंय, हौस करणाऱ्याला नसतं, ते दुसऱ्यालाच चुकवावं लागतं. पण बाळ्याला मासे पाळायची हौस आली तेव्हा हे ताईला कुणी सांगितलं असतं, तर तिने त्यालाच वेड्यात काढलं असतं. भावाने आपणहून तिला हाक मारली होती ना! एरवी त्याची हाक यायची ती "ताई, शर्टाचं बटण" एवढ्यापुरतीच.

बाळ्या म्हणजे ऑफिसातला मोठा साहेब, पण ताईसाठी बाळ्याच. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. ताईने पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाईचं मशीन मांडलं आणि त्या मशीनवर त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं. तिचं स्वतःचं राहून गेलं ते गेलंच. पण ती खोली तिची होती. दार सरळ रस्त्यावर उघडायचं, गिऱ्हाईक सरळ आत यायचं, उजेड सरळ सुईच्या नेढ्यावर पडायचा. "ही खोली ताईची," असं आई जाताना म्हणाली होती आणि त्यावर आजवर कुणी ब्र काढला नव्हता.

"साधे मासे नकोत," बाळ्याने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "हे बघ, सिक्लिड. आफ्रिकेतल्या तळ्यातले. रंग बघ नुसते! पण महाभांडकुदळ हं. प्रत्येकाला दगडातलं आपलं बीळ लागतं. दुसरा कुणी जवळ आला की अंगावरच जातात."

"म्हणजे तुझ्यासारखेच की! लहानपणी तुझ्या उशीला हात लावायची सोय नव्हती."

बाळ्या खो खो हसला. भावजयही हसली. किती दिवसांनी त्या घरात तिघं एकदम हसली असतील, देव जाणे.

मग काचेचा टँक आला आणि ताई कामाला लागली. वाळू बादलीत घालायची, ढवळायची, गढूळ पाणी ओतायचं, पुन्हा भरायची. कंबरेचा काटा ढिला झाला तरी पाणी काही नितळ होईना. या माशांना क्षारांचं जड पाणी लागतं म्हणून बाळ्याने चुनखडीचे दगड आणले होते. ते तिने साबण न लावता ब्रशने घासले, अगदी लहान पोराचे कान घासावेत तसे. रचलेही तिनेच. आधी दगड तळाशी घट्ट बसवायचे आणि वाळू मागाहून घालायची, कारण हे मासे उकरत बसतात आणि वाळूवर ठेवलेला दगड कलंडून काच फुटते. "वा, ताई! तुझा हात म्हणजे हात आहे!" असं बाळ्या म्हणाला की तिला मूठभर मांस चढायचं. टँक जिन्याखाली ठेवायचा असं ठरलं होतं. तिथलं चपलांचं कपाट हलवून जागा तिनेच पुसून दिली होती.

"जागा एकदाच ठरवायची," बाळ्या म्हणायचा. "पाणी भरलं की चार माणसांच्यानेही हलत नाही."

पाणी भरायच्या आधीच मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. "ताई, तुम्हीच जा ना," भावजय म्हणाली. "थोडा बदल होईल. टँकचं आम्ही बघतो. फक्त जाण्याआधी एक जाड पडदा शिवून द्या." ताईला भरून आलं. पोरीला आपली काळजी आहे, असं वाटलं तिला. तिने पडदा शिवला, दुहेरी अस्तर लावून. मावशीकडे असताना बाळ्याचा फोन आला, "घाई करू नकोस. दुसराही डोळा करूनच ये." महिना कुठे गेला कळलं नाही.

परत आली आणि पुढच्या खोलीच्या उंबऱ्यातच थांबली. मशीन होतं तिथे टँक उभा होता, काठोकाठ भरलेला, निळेपिवळे मासे त्यात झळकत होते. खिडकीवर जाड पडदा होता, तिनेच शिवलेला. उन्हाने काचेला शेवाळ धरतं म्हणे. तिचं मशीन मागच्या बोळकांडीत, कपडे धुण्याच्या मशीनला खेटून ठेवलेलं.

"मशीनला मशीनची सोबत!" बाळ्या म्हणाला आणि स्वतःच हसला.

"जिन्याखाली ठेवणार होतास ना?"

"तिथे ओल आहे गं. आणि आता काय, भरलाय. हलणार थोडाच?"

"आणि गिऱ्हाईक?"

"मागच्या दाराने येईल. आणि आता किती राबणार, ताई? आराम कर जरा."

आरामाचं नाव पुढे केल्यावर माणसाने भांडायचं तरी कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! "छान दिसतंय," ताई म्हणाली. भावजयीने सुटकेचा निःश्वास टाकला. सुंठीवाचून खोकला गेला होता.

बोळकांडीत भरदुपारी दिवा लावावा लागायचा. "दिवा लावू ना गं?" ताई भावजयीला विचारायची. "मशीनचा आवाज होत नाही ना?" आधी दोनदा विचारलं, मग रोज. हळूहळू सवय लागली.

इकडे टँकमध्ये एक मोठा निळा मासा माजला. भावजयीने त्याचं नाव ठेवलं दादा. मधलं सगळ्यात मोठं बीळ त्याने बळकावलं आणि बाकीच्यांना खाऊ देईना. एका पिवळ्याचं तर शेपूट कुरतडून टाकलं. बाळ्याने टँकवाल्याला बोलावलं. ताई तेव्हा पुढच्याच खोलीत जमिनीवर बसून एका पँटची उंची कमी करत होती.

"सोपं आहे, साहेब," टँकवाला म्हणाला. "याला थोडे दिवस बाहेर काढा. मारझोड करायची नाही, दुसऱ्या टबात आरामात राहू दे. तेवढ्यात इथले दगड हलवायचे, सगळी मांडणी बदलायची. परत सोडला की त्याला त्याचं बीळच सापडत नाही. पाहुण्यासारखा कोपऱ्यात अंग चोरून राहतो. मग कुणाच्या अंगावर जात नाही."

"खरंच चालतं असं?" बाळ्याने विचारलं.

"चालतं की!" भावजय बोलून गेली आणि जीभ चावली.

बाळ्या काचेकडे बघत राहिला. ताईची सुई थांबली. बोटात घुसली होती.

दादाला टबात काढलं. "दगड तूच हलव, ताई, तुला छान जमतं," असं सांगून बाळ्या ऑफिसला गेला. ताईने बाही सरकवून पाण्यात हात घातला. मधला मोठा दगड उचलला, क्षणभर धरला आणि होता तिथेच परत ठेवला. बाकीच्यांना तर तिने हातही लावला नाही.

चार दिवसांनी बाळ्याने दादाला परत सोडलं. तो सरळ आपल्या बिळात शिरला, बाहेर आला आणि थेट पिवळ्याच्या अंगावर गेला.

"असं कसं? तू दगड हलवले होतेस ना?"

"नाही."

"अगं, सांगून गेलो होतो मी तुला!"

"त्याची जागा होती ती. मी नाही हलवणार." ताईने मान वर केली. "मला मावशीकडे धाडलंस आणि माझे दगड हलवलेस. मला कळत नाही असं वाटलं तुला? या खिडकीशी जन्म काढला मी, बाळ्या, तुझ्यासाठी. खोली हवी असं तोंडावर सांगायचं होतंस. दिली असती रे! मला फसवायला कशाला हवं होतं?"

"तसं नव्हतं गं मनात..."

"तसंच होतं."

बाळ्याचं तोंड एवढंसं झालं. भावजय दारातून मागच्या मागे स्वयंपाकघरात सरकली. ताईच्या छातीवरचा महिनाभराचा धोंडा उतरला होता, तिला मोकळं वाटत होतं. तेवढ्यात पुढच्या दाराची बेल वाजली.

"ताई आहेत का?" बाहेरून आवाज आला. जुने गिऱ्हाईक होते, कोपऱ्यावरचे मास्तर. गावाहून परतले असावेत, मागच्या दाराचं त्यांना ठाऊक नव्हतं.

ताई लगबगीने उठली. दाराच्या कडीला हात घातला आणि वळून भावाला विचारलं, "त्यांना इथून आत घेऊ का?"

शब्द तोंडातून गेले आणि मग तिचे तिलाच ऐकू आले.

"घे ना," बाळ्या खाली बघत म्हणाला. "त्यात काय विचारायचं?"

ताईने दार उघडलं. मास्तर हातावर पँट टाकून हसत उभे होते, आत यायला एक पाय उचललेलाच होता.

"मागच्या दाराने या, मास्तर," ताई म्हणाली. "मशीन आता तिकडे असतं."